तुळशीरामनं लिहिलेलं ‘होय’

तुळशीराम, माझी आई लोकांच्या वावरात मजुरीनं जात असे.

हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहितो आहे. बोललो तर कधीच नाही. तुझ्याजवळ नाही, बायकोजवळ नाही, सासरे हयात होते तोवर त्यांच्याजवळही नाही. सगळ्यांना एकच सांगत आलो, की कामरगावच्या अंगाला आमची काळी जमीन होती, वडील लवकर वारले आणि भाऊबंदांनी ती दाबली. आपल्याकडे ही गोष्ट कोणालाही चटकन पटते. प्रत्येकाच्या नात्यात असं एखादं दाबलेलं वावर असतंच. लोक हळहळतात आणि पुढचं विचारत नाहीत. आमचं वावर कधी नव्हतंच. वडील लवकर वारले, एवढंच त्यातलं खरं.

‘लेका, आता कायले सांगतं?’ असं तू म्हणशील. बरोबर आहे. तुझी राख नदीला मिळून पंधरवडा झाला नाही, आणि आत्ता मला कंठ फुटतो आहे. जिवंत होतास तेव्हा दर बाजाराच्या दिवशी माझ्या ओसरीवर येऊन बसायचास, तेव्हा माझी दातखीळ बसलेली असायची. पण आता सांगितल्यावाचून मला सुटका नाही. तुझी नोकरी गेली, खोटं लिहिणारा म्हणून तुझं नाव झालं, त्याच्या मुळाशी दुसरं काही नव्हतं. माझी आई मजूर होती, आणि ते मला लपवायचं होतं.

वाशीमच्या बोर्डिंगात आपण एका खोलीत राहिलो. दिवाळीची सुट्टी संपवून मी परत आलो की तू माझी बोटं धरून पाहायचास. कापूस वेचणाऱ्याची बोटं लपत नाहीत. वाळलेल्या बोंडांची टोकं नखांच्या कडेनं शिरतात, तिथली कातडी चिरते, काळी पडते. ‘वावरवाल्याच्या पोराची बोटं अशी काहून रे वामन्या?’ तू एकदा विचारलंस. मी म्हणालो, हौसेनं वेचला थोडा. ‘भलतीच हौस हाय बाप्पा तुले,’ म्हणून तू हसलास, आणि घरून आणलेलं लोणी माझ्या बोटांना चोळून दिलंस. पुन्हा तो विषय काढला नाहीस. तेव्हा मला वाटलं, सुटलो. आता वाटतं, तू त्याच दिवशी ओळखलं होतंस का? मला हे कळायला हवं होतं रे. आता कोणाला विचारू?

मी वऱ्हाडी सोडली तीही त्याच खोलीत. ‘मले’चं ‘मला’ केलं, ‘काहून’चं ‘का’ केलं, आणि इतकं घोटलं की झोपेतसुद्धा चूक होऊ नये. ‘सरका, पुन्याचा पाव्हना आला,’ असं तू पोरांना सांगायचास. तू मात्र पुढे मोठ्या साहेबांसमोर उभा राहिलास तेव्हाही तुझ्याच बोलीत बोललास. ते मला तेव्हा गावंढळपण वाटलं होतं.

मग बरीच वर्षं गेली. मी शाळेत गणित शिकवत होतो, तू केनवडला वावर पाहत होतास. शेतमजुरांची सरकारी पाहणी निघाली, तेव्हा आपण अजून जुन्या मध्य प्रदेशात होतो आणि साहेब नागपूरहून येत. गणितामुळे तालुक्याची देखरेख माझ्याकडे आली. गावोगाव फिरून माणसांशी बोलणारा कोणी हवा होता. मी तुला बोलावणं धाडलं. हे विसरता येत नाही, की तुला त्यात मीच ओढलं.

पाहणी म्हणजे काय, हे इथं थोडक्यात सांगावं लागेल. हे वाचणाऱ्याला तुझ्यावरचा आरोप कळला नाही, तर माझा गुन्हाही कळणार नाही. तालुक्यातली सगळी घरं विचारणं शक्य नसतं. म्हणून चिठ्ठ्या टाकून काही गावं निवडायची, त्या गावांत काही घरं निवडायची, आणि त्यांच्यावरून साऱ्या तालुक्याचा अंदाज बांधायचा. भाताचं शीत चाचपतात तसं. घरात कोण मजुरीला जातं, गेल्या आठवड्यात किती काम मिळालं, मजुरी रोखीत की धान्यात, बाजारात ज्वारीचा भाव काय. आणि ज्याला काम मिळालं नाही, त्याला एक शेवटचा प्रश्न: ‘तुम्ही काम शोधलंत का?’ उत्तर होय किंवा नाही. होय म्हणेल तो बेकार. नाही म्हणेल तो बेकारांत धरायचा नाही, कारण ज्यानं शोधलं नाही त्याला काम नकोच होतं, असं समजायचं.

पहिल्याच दिवशी तू तो कागद खाली ठेवलास.

‘वामन्या, हा सवाल कोनं लिवला?’

‘वरून आला आहे.’

‘वरतून पानी येते, गारा येते. सवाल बी तिथूनच पडते काय?’

‘तुळशीराम, सगळ्या देशात हाच प्रश्न विचारतात.’

‘इचारू दे. पन आपल्याइकडं काम शोधाले कोन जाते, सांग बरं. दिवेलागनीले मालकाचा मानूस गल्लीनं फिरते. दाराशी थांबते, म्हनते, उद्या या. बोलावलं तं काम, नाई तं घरी. अन् जो कोनी बिनबोलावता दुसऱ्याच्या दारात गेला, त्याची मजुरी तिथंच अर्धी होते. आला ना आपल्या पायानं, मंग घे देतो ते! म्हनून कोनी जात नाई. जो जाते त्याले लोक म्हनतात, याच्या मालकानं हाकलला असन.’

‘नियम आहे. ते सांगतील ते लिही.’

‘ते सांगतीन नाई. म्हनजे साऱ्या गावात बेकार कोनीच नाई. वा! गाव सुखी झालं. चाल, पेढे वाट.’

मी हसलो, आणि तू सांगत होतास ते शब्दन् शब्द मला ठाऊक होतं.

तू पेढे वाटले नाहीस. शिरपूरच्या अलीकडची ती दोन गावं तुझ्याकडे होती. तिथं जी जी माणसं बोलावण्याची वाट पाहून घरी राहिली होती, त्यांच्या रकान्यात तू ‘होय’ लिहिलंस. चोरून नाही लिहिलंस. शेजारी बारीक अक्षरात कारण दिलंस, की बोलावण्याची वाट पाहिली. मी ते वाचलं, आणि पाहिलं न पाहिल्यासारखं करून पुढे ढकललं. त्या दिवशीच तुला बसवून सांगितलं असतं की बाबा, हे अंगाशी येईल. किंवा माझ्या सहीनं वर कळवलं असतं की इथली रीत अशी आहे. दोन्हीपैकी काहीच केलं नाही.

पुढे साहेबांच्या मनात आलं की आकडे नुसते मांडू नयेत, त्यांच्यात संबंध लागतो का ते पाहावं. ज्वारीचा भाव चढला की रिकामे हात वाढतात की कमी होतात? हे काम त्यांनी मला दिलं. चौकटींच्या कागदावर आडवा भाव धरला, उभी बेकारी धरली, आणि एकेका गावाचा, एकेका हंगामाचा ठिपका देत गेलो. बाजाराच्या मोठ्या गावांत काही माणसं काम मागायला बाहेर पडत, तिथं ‘होय’ येत होते. तुळशीराम, मला त्या ठिपक्यांचं वेड लागलं होतं. ते हळूहळू एका उतरत्या रेषेभोवती गोळा झाले. महागाई वाढते तशी बेकारी उतरते. कारणही समजण्यासारखं होतं. मालाला भाव येतो, मजुरीचा दर मागेच रेंगाळतो, मग मालकाला माणूस लावणं परवडतं. कामरगावकडच्या झोपडीतल्या पोरानं एवढ्या मोठ्या तालुक्याची नाडी एका रेषेत पकडली, असं मला वाटलं. ते मनात वाटलं आणि मनातच राहिलं, कारण त्या झोपडीबद्दल बोलायची सोय मी ठेवली नव्हती.

फक्त तुझ्या गावांचे ठिपके रेषेवर येत नव्हते. भाव चढले तेव्हा तुझी बेकारीही चढली होती.

शिरपूरच्या फाट्यावर मोटारीची वाट पाहत उभे होतो तेव्हा मी तुझ्यावर चिडलो. आठवतं? शिरपूरच्या जैन देवळाला आलेली गुजराती मंडळी सामान घेऊन बसली होती, आणि आपण त्यांच्यासमोर भांडत होतो.

‘तुझी दोन गावं साऱ्या तालुक्याच्या उलट कशी चालतील?’

‘तुझ्या तालुक्यात मजुरी रुपयात हाय. आमच्या गावात जवारीत हाय. भाव चढला की मालकाच्या जिवावर येते. त्याले वाटते, ही जवारी मजुराच्या पदरात टाकन्यापरीस बाजारात नेतो. मंग तो सुनेले लावते, पोराले लावते, म्हाताऱ्याले बी लावते. मजूर घरी. यात उलटं काय हाय?’

‘दोन गावांसाठी रेषा वाकवू का मी?’

‘नांगर चालता चालता दगड लागला तं मानूस थांबते, वामन्या. दगड वावरातला नाई असं म्हनत नाई.’

त्या मंडळींतला एक म्हातारा आपल्याकडे टक लावून पाहत होता. तू त्याला हात जोडलेस आणि म्हणालास, ‘काही नाई शेटजी, आमी जवारीच्या भावावर भांडून राह्यलो. विकाची नाई, नुसतीच भांडाची.’ तो हसला, मीही हसलो. तू जिंकला आहेस हे मला तिथंच कळलं होतं. मजुरी रोखीतली असेल तर एक रेषा, धान्यातली असेल तर दुसरी. पण दोन रेषा काढायच्या तर तुझे ‘होय’ खरे मानावे लागत होते. आणि ते खरे कशावरून, असं कोणी विचारलं तर?

साहेबांनी विचारलं. ठिपके त्यांच्याही नजरेला खुपले होते. ते स्वतः तुझ्या गावात आले. तू, मी, साहेब. भागाबाईच्या दाराशी आपण थांबलो. तिच्यापुढे तू ‘होय’ लिहिलं होतंस. साहेबांना ही बोली नीट कळत नसे, त्यांनी मला खूण केली. मी माझ्या घोटलेल्या मराठीत विचारलं, ‘बाई, काम नव्हतं त्या दिवसांत तुम्ही काम मागायला कुठं गेला होतात?’

‘काम मांगाले? मी?’ ती ताडकन उभी राहिली. ‘मी काय कोनाच्या दारात उभी राह्यनारी बाई हाय काय, बावा? बोलावतीन तं जाऊ. नाई तं घरचं काम का थोडं हाय?’

‘काय म्हणतात त्या?’ साहेबांनी विचारलं.

‘नाही म्हणतात,’ मी म्हणालो.

दुपारी डाकबंगल्यात साहेबांनी तो कागद समोर ठेवला. ते वाईट नव्हते. हे मी मुद्दाम लिहितो, कारण मनातल्या मनात त्यांच्यावर ढकलून मी कितीदा मोकळा झालो आहे. ते म्हणाले, ‘बाई नाही म्हणते आणि हा गृहस्थ होय लिहितो. हा म्हणतो, इथं काम मागायची रीत नाही, बोलावण्याची आहे. वामनराव, तुम्ही याच भागातले. ही रीत खरी आहे का?’ त्यांनी लेखणी उचलून धरली होती. मी ‘आहे’ म्हणालो असतो, तर त्यांनी तसं लिहिलं असतं. मला त्याबद्दल शंका नाही.

तू दाराजवळ उभा होतास. तुझ्या चेहऱ्यावर काळजी नव्हती. वामन्या आहे ना, असं तुझ्या तोंडावर होतं.

मी म्हणालो, ‘माझ्या तरी ऐकण्यात नाही, साहेब. आमच्याकडे सालानं बांधलेले गडी असत. मजूर कसे येतात हे मी कधी पाहिलेलं नाही.’

तू माझ्या तोंडाकडे पाहिलं नाहीस, तुळशीराम. माझ्या हातांकडे पाहिलंस.

आता सांगतो, मी काय पाहिलं होतं. दिवस मावळायला आला की आई दारात येऊन बसायची. समोर सूप. त्यात निवडून झालेलं धान्य ती पुन्हा निवडायची, म्हणजे वाट पाहत बसली आहे असं दिसू नये. मला म्हणायची, ‘बोलू नको.’ गल्लीच्या तोंडाशी मालकाच्या माणसाच्या वहाणा वाजत. तो एकेका दाराशी थांबे. ‘उद्या या वं,’ आणि पुढे. त्या वहाणा जवळ येत, तसे तिचे हात सुपात थांबत. आमच्या दाराशी तो थांबला तर ती मान वर करायची नाही, ‘येतो’ एवढंच म्हणायची, जसं काही तिला पर्वाच नाही. आणि न थांबता पुढे गेला, तर वहाणांचा आवाज पार विरेपर्यंत ती धान्य निवडत राहायची. मग म्हणायची, ‘बरं झालं बाप्पा. आज पाय लई दुखून राह्यले होते.’

मी कधी पाहिलेलं नाही, असं म्हणालो मी. त्या बाईच्या पोटचा मी. सुपातल्या त्या हातांवर माझं शिक्षण झालं. काम शोधणं याहून वेगळं कसं असतं, हे जगातल्या कुठल्याही शास्त्रानं मला सांगावं. आणि हे ज्यानं न पाहता ओळखलं, त्या तुझ्याविरुद्ध मी साक्ष दिली.

नंतरचं सगळं कारकुनी पद्धतीनं झालं. तुझ्या गावांतले ‘होय’ खोडून ‘नाही’ केले गेले, ते माझ्याच हातानं. तुझे ठिपके मुकाट्यानं रेषेवर येऊन बसले. तुझ्या नावापुढे शेरा गेला, की यानं मनची उत्तरं लिहिली, आणि तुला घरी पाठवलं. माझ्या रेषेचं कौतुक झालं, पुढे कचेरीत मला कायमची जागा मिळाली. त्या उन्हाळ्यात खडी फोडायचं सरकारी काम कुठल्या बाजूला काढायचं, हे ठरवताना आमचे तक्ते पुढे होते. तुझ्या बाजूला बेकारी नव्हतीच. काम दुसरीकडे निघालं. भागाबाईच्या घराला कुलूपही नव्हतं, नुसती कडी अडकवून ती माणसं कुठं खानदेशाकडे गेली, असं तूच मला सांगितलंस. रागानं सांगितलं नाहीस. ज्वारीचा भाव सांगावा तसं सांगितलंस, आणि मी ऐकून घेतलं.

तू मला सोडायला हवं होतंस. तोंड पाहायला नको होतंस. त्याऐवजी दर बाजाराला येत राहिलास, कधी हरभऱ्याची ओली डहाळी घेऊन, कधी रिकाम्या हातानं. नवे पैसे आले तेव्हा ओसरीवर बसून माझ्या बायकोला हिशेब समजावून सांगत होतास. ‘वहिनी, आन्याचे सहा नवे पैसे होते अन् वर एक बारका तुकडा उरते. तो तुकडा कोनाच्याच हाती येत नाई. मले वाटते, तुमच्या सायबाच्या रेघेत जाऊन पडत असन.’ ती हसली होती. तिला त्यातलं काय कळलं कोण जाणे. मला कळलं होतं.

माझ्या मुलीच्या लग्नात तू आदल्या दिवसापासून राबलास. पंगतीत बुंदी वाढत होतास. कोणीतरी पानावरून म्हणालं, हाच ना तो सरकारातून काढलेला? तू ऐकलंस. वळून त्याच्याच पानात आणखी एक मूठ टाकलीस. ‘खा बाप्पा पोटभर. हे मातर खोटं लिवेल नाई.’ सगळी पंगत हसली. मी मांडवात दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. माझ्या मुलीचं लग्न लागत होतं, तुझी थट्टा चालली होती, आणि मी पाहुण्यांना ‘सावकाश होऊ द्या’ म्हणत फिरत होतो.

एकदा तू दार उघडलं होतंस माझ्यासाठी. आपण दोघंच होतो. तू तंबाखू मळत, माझ्याकडे न पाहता म्हणालास, ‘वामन्या, एक सांग. तुमच्याइकडं, कामरगावाकडं, मानसं कामाले कशी बोलावत रे?’

मी म्हणालो, ‘आता काय आठवतंय. लहान होतो.’

‘बरं,’ म्हणालास. मग आत हाक मारलीस, ‘वहिनी, चहा टाका. सायबाचा घसा सुकला.’

त्यावेळी तुला माहीत होतं का? माहीत असूनही मला माझ्या तोंडानं बोलायची जागा करून देत होतास, की खरंच नुसतं विचारत होतास? हा प्रश्न मी रोज उलटून पाहतो. माहीत नसेल, तर तू मित्राच्या भरवशावर फसलास. माहीत असेल, तर तू मला इतकी वर्षं झाकून ठेवलंस, आणि ते मला सोसवत नाही. दोन्हीकडून मी मरतो, तुळशीराम.

तुझी कावीळ वाढल्याचं कळलं तेव्हा मी केनवडला आलो. सांगायचं ठरवूनच आलो होतो. पण तुझ्या खाटेभोवती भाऊ होता, शेजारी होते, मोहाचं की कशाचं पान घेऊन आलेला कोणी वैदू होता. तू पिवळ्या डोळ्यांनी माझ्याकडे पाहून म्हणालास, ‘तुझ्या रेघेचं काय झालं रे?’

मी म्हणालो, ‘तू म्हणत होतास ते बरोबर होतं. धान्याच्या मजुरीची गावं वेगळी काढायला हवी होती. दोन रेषा लागतात.’

‘मंग काढ ना.’

‘तो अहवाल केव्हाच गेला. आता कोण उघडतो.’

तू डोळे मिटलेस. मला वाटलं, थकलास. मी तुझ्या पायाला हात लावला आणि उठलो, कारण शेवटची मोटार जायची होती. एवढं मोठं कबूल केलं, या समाधानात मी वाटेत मोटारीत बसलो होतो, हे सांगितलं तर तुला हसू येईल. रेषा चुकली, हे कबूल करायला मला काही मोजावंच लागलं नव्हतं. ती का चुकू दिली, हे सांगायचं होतं.

तुझ्या दहाव्याला गेलो होतो. माणसं पांगली, तेव्हा रुक्मावहिनी दाराआडून बाहेर आल्या. डोक्यावरचा पदर सारखा करत हळू आवाजात म्हणाल्या, ‘भाऊजी, तुमी संगं होते. आता ते नाई, तं खरं सांगा. ते खोटं लिवत होते काय?’

मी दाराशी जोडा शोधू लागलो.

‘मी त्याहिले कधी इचारलं नाई. इचारलं असतं तं त्याहिच्या जीवाले लागलं असतं. पन पोराची सोयरीक पाहून राह्यलो. दोन ठिकानी लोक म्हनले, बाप लबाडीपायी काढला होता. पोरगं मले इचारते, आई, खरं हाय काय? मी काय सांगू त्याले?’

एवढंच विचारत होत्या त्या. एक होय किंवा नाही. आयुष्यभर मी दुसऱ्यांना हेच विचारून रकाने भरले. आणि मी काय म्हणालो माहीत आहे? म्हणालो, ‘वहिनी, सरकारी कागदांच्या भानगडी असतात त्या. जाऊ द्या आता, माणूस गेला.’

त्या ‘बरं’ म्हणाल्या आणि आत गेल्या. मी जोडा पायात घालताना पाहिलं, तुझा मुलगा भिंतीला टेकून उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं.

त्या दिवसापासून मला जेवण जात नाही. कचेरीत जातो, आकडे मांडतो, परत येतो. बायको विचारते, तब्येत बरी नाही का. मी म्हणतो, उन्हाचा त्रास. बरं, दुरुस्त तरी काय करणार? ते तक्ते नागपूरला गेले, मग राज्यच बदललं, आपण मुंबई राज्यात आलो, गठ्ठे कुठल्या कोठारात पडले कोणाला ठाऊक. भागाबाई परत आल्याचं कळलं नाही. माझ्या आईला तर मी जिवंतपणीच पुसून टाकलं. तिच्यासाठी आता कोणापुढे रडू? आणि तू नाहीस. जे पाय धरायचे, तेच नाहीत.

हा लेख मी छापायला देणार आहे. बायकोला उद्या सकाळी वाचायला देईन. तिला तो छापलेला पाहून कळावं, एवढा तरी अन्याय करणार नाही. पण मी स्वतःला ओळखतो. हे छापून आलं की, सांगून झालं, असं मी मानून घेईन. वहिनींना वाचता येत नाही. गावातला कोणी मास्तर त्यांना वाचून दाखवील, आणि मी वाशीमला बसून राहीन. काल मोटारअड्ड्यावर गेलो होतो. केनवडची गाडी लागलेली होती. वाहकानं दोनदा विचारलं, ‘येता काय, गुरुजी?’ ती सुटेपर्यंत उभा राहिलो आणि घरी आलो.

तुझ्यासारखा मित्र मला का मिळाला, हे मला कळत नाही. बोटांना लोणी चोळणारा, पंगतीत अपमान गिळून वाढणारा, घसा सुकला म्हणून चहा मागवणारा. त्याबद्दल तुझे आभार मानायलाही तोंड हवं.

रुक्मावहिनींना आणि तुझ्या मुलाला, तुझ्या घरात, चार माणसांदेखत, माझ्या तोंडानं सांगायचं आहे, की तू खरं लिहीत होतास आणि मला ते ठाऊक होतं. ते मी अजून सांगितलेलं नाही. तेवढं तुझं देणं लागतो.